कनूच्या सहलीत वॉटरप्रूफ बूट आतून ओले का होतात, आणि लांब पोर्टेजसाठी पायात काय घालावं

तक्रार दर उन्हाळ्यात तीच असते. टोरांटो-मिसिसागाहून चार दिवसांसाठी ऑन्टारियोतल्या अल्गॉन्क्विन पार्कला जायचं ठरतं, कनू (वल्ह्याची लांब, उघडी होडी) भाड्याने मिळते, आणि पायांसाठी घोट्याच्या वर येणारे चांगले महागडे वॉटरप्रूफ हायकिंग बूट घेतले जातात. पहिल्याच पोर्टेजला बुटात पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट ओले, तिसऱ्या दिवशीही ओलेच, टाचेला फोड आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मग बूट बनवणाऱ्याच्या नावाने शंख. खरं तर दहापैकी आठ वेळा बुटात काही दोष नसतो. त्याला दिलेलं काम त्याचं नसतं, एवढंच.

पोर्टेज म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना मधल्या जमिनीवरून कनू उलटी खांद्यावर घेऊन चालायची वाट. इथे एकाच बुटाला दोन अगदी वेगळी कामं करावी लागतात. आधी नडगीभर, कधी गुडघाभर पाण्यात उतरायचं, आणि लगेच त्याच पायांनी २०-२५ किलोचं ओझं घेऊन दगड आणि मुळांच्या वाटेने दीड-दोन किलोमीटर चालायचं. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते तिसऱ्याच कामासाठी: ओलं गवत, पाऊस, घोट्याच्या खालचा ओढा.

पाणी आलं कुठून, हे आधी ठरवा

नवा बूट घ्यायच्या आधी जुन्याचं निदान करा. पाणी आत यायच्या वाटा चारच आहेत आणि चारही घरी तपासता येतात.

पहिली वाट वरून. केवलारची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) कनू काठावर चढवत नाहीत. तिचं अंग पातळ असतं, भरलेली कनू ग्रॅनाइटवर घासली तर चरे पडतात आणि भाड्याची असेल तर अनामत जाते. म्हणून कनू तरंगती ठेवून, पाण्यातच उतरून सामान काढतात. आता बूट मोजा. बूट १५ सेंटिमीटर उंच असला तरी पाणी अडवायची त्याची उंची तेवढी नसते. बुटाची जीभ दोन्ही बाजूंना घडीने शिवलेली असते आणि ती घडी जिथे संपते, तिथेच पाणी आत शिरतं. बऱ्याच बुटांत ही जागा १०-११ सेंटिमीटरवर असते. तपासायची रीत सोपी आहे: बूट घालून रिकाम्या बादलीत उभं राहा, दुसऱ्या कुणाला तरी मगाने हळूहळू पाणी ओतायला सांगा, आणि पायाला गार लागलं की बाहेर खडूने खूण करा. ती खूण हा तुमच्या बुटाचा खरा आकडा. उतरायची जागा त्याहून खोल असली की विषय संपला.

दुसरी वाट आतून, म्हणजे घाम. बुटातला वॉटरप्रूफ पापुद्रा पाण्याचे थेंब अडवतो आणि वाफ बाहेर सोडतो, पण वाफ जाणार कुठे? बाहेरचं कापड किंवा चामडं पाण्याने भिजून जड झालं की वाफेला वाट उरत नाही. कनू खांद्यावर घेऊन चढ चढताना पाय भरपूर घामेजतो आणि तो घाम आतच साचतो. ओळखायचं असं: कोरड्या दिवशी, कोरड्या रस्त्यावर १५ किलोची सॅक घेऊन दोन तास चाला. मोजे पिळण्यासारखे ओले झाले असतील तर तुमची अडचण तळ्याची नाही.

तिसरी वाट खरी गळती. इनसोल (बुटातला सुटा तळ) काढा, बुटात ८ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, बूट वर्तमानपत्रावर ठेवा आणि अर्धा तास थांबा. कागद भिजला तर बूट फुटलेला आहे. एक मेख लक्षात ठेवा: डाग जिथे दिसतो तिथेच भोक असेल असं नाही. आतल्या पापुद्र्यातून निसटलेलं पाणी अस्तर आणि चामड्याच्या मधून फिरत कुठूनही बाहेर पडतं. सोलची कडा सुटली असेल तर ती चिकटवता येते, ते पुढे सांगितलं आहे. बोटांच्या मागे जिथे बूट वाकतो तिथला पापुद्रा फाटला असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका. तो बूट ‘ओला बूट’ म्हणून वापरायला मोकळा झाला.

चौथी वाट कापडाची. बुटाच्या वर आलेला मोजा आणि बुटाच्या आत खोचलेली पँट वातीप्रमाणे पाणी खाली ओढतात. पाऊस पडत असेल तर तळ्यात न उतरताही तासाभरात बूट भरतो. उपाय फुकटचा आहे: पावसाची पँट बुटाच्या बाहेर सोडा आणि मोजा बुटाच्या कडेखाली दुमडा.

पहिल्या वाटेचं निदान झालं असेल, आणि बहुतेकांचं तेच होतं, तर पुढचा मुद्दा नीट समजून घ्या. जो पापुद्रा पाणी आत येऊ देत नाही, तोच आत आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. पाणी ओतून टाकलं तरी अस्तरात आणि घोट्याभोवतीच्या फोममध्ये जे मुरलं ते फक्त वाफ होऊनच जाऊ शकतं. मे महिन्यात, दमट जंगलात, रात्री पाच-सहा अंश तापमानात ती वाफ होत नाही. म्हणून पाण्यात उतरायचं असेल तर घोट्याएवढा वॉटरप्रूफ बूट ही सगळ्यांत वाईट निवड. ना धड कोरडा, ना धड वाळणारा.

ओला पाय की कोरडा पाय

इथे मधला मार्ग नाही. एक तर पाणी आत येणार हे धरून चालायचं आणि ते लगेच निघून जाईल असा बूट घ्यायचा, नाही तर गुडघ्याखालपर्यंत खरोखर बंद असा रबरी बूट घ्यायचा. कोणता, हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात: पाणी किती गार, उतरायची जागा किती खोल, आणि दिवसाला चालणं किती.

पाण्याचं म्हणाल तर अल्गॉन्क्विनमधल्या तळ्यांवरचा बर्फ साधारण एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला फुटतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाण्यात पाय घातला की दोन मिनिटांत कळ येते. जुलै-ऑगस्टमध्ये तेच पाणी पोहण्याइतकं उबदार असतं. सप्टेंबर संपता संपता पुन्हा गार. ढोबळ हिशेब असा धरा: पाणी १२ अंशांच्या खाली असेल तर कोरडा पाय, १६ च्या वर असेल तर ओला पाय, मधल्या पट्ट्यात ओला बूट आणि आत निओप्रीनचा (फुगीर, उबदार रबराचा) मोजा. दहा-बारा डॉलरचा तरंगता थर्मामीटर सोबत असला की वाद मिटतात.

चालण्याचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. सामान एका खेपेत जात नसेल तर तुम्ही वाट तीनदा चालता: ओझं घेऊन जाणं, रिकाम्या हाताने परतणं, पुन्हा ओझं घेऊन जाणं. नकाशावर २,००० मीटर दिसतात, पायांना ६,००० पडतात. अल्गॉन्क्विनमधली डिक्सन ते बॉनफिल्ड ही प्रसिद्ध पोर्टेज ५,३०५ मीटरची आहे. दोन खेपांत ती जवळजवळ १६ किलोमीटर होते. अल्गॉन्क्विनमध्ये निदान पिवळ्या पाट्यांवर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. सीमेपलीकडे मिनेसोटाच्या बाउंड्री वॉटर्स या तळ्यांच्या जंगलात अंतर ‘रॉड’मध्ये मोजतात आणि जंगलात पाट्याही नसतात. १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, सुमारे ५ मीटर. ३२० रॉडचा १ मैल. नकाशावर १८० बघून ‘एवढंच?’ म्हणणाऱ्याला ९०० मीटर चालावं लागतं, दोन खेपा असतील तर २,७००.

दिवसाचं एकूण चालणं तीन किलोमीटरच्या आत असेल तर गमबूट चालून जातो. पाचाच्या वर गेलं की तो पायांचा सूड घेतो. पाणी गार आणि चालणंही लांब, असा प्रसंग मे किंवा ऑक्टोबरमध्ये येतोच. तेव्हा सरळ दोन जोड न्या: उतरायला रबरी, चालायला हलके बूट. काठावर बूट बदलायला पाच मिनिटं लागतात, पण पोर्टेज एक किलोमीटरच्या वर असेल तर ती वसूल होतात.

अठराव्या शतकात अशाच तळ्यांतून फरचा व्यापार करणारे व्हॉयाजर ओल्या पायांनीच चालायचे. भूर्जाच्या सालीची कनू खडकाला टेकवणं शक्यच नव्हतं, म्हणून ते कनू थांबायच्या आधी पाण्यात उडी घ्यायचे आणि मऊ चामड्याच्या मोकॅसिनमध्ये ९० पौंडांचे दोन-दोन गठ्ठे पाठीवर घेऊन चालायचे. लेक सुपिरियरहून सुरू होणारी ग्रँड पोर्टेज साडेआठ मैलांची आहे. मोकॅसिन त्यांना सोसली म्हणून आपल्यालाही सोसेल, असं मात्र समजू नका. आपले पाय आयुष्यभर सपाट फरशीवर चाललेले असतात.

ओल्या पायाचा बूट कसा असावा

सह्याद्रीत पावसाळ्यात भटकणाऱ्यांना यातलं तत्त्व ठाऊक आहे. राजमाचीच्या वाटेवर कुणी वॉटरप्रूफ बुटांचा हट्ट धरत नाही. कापडी-रबरी, पातळ, चटकन निथळणारे बूट घालतात आणि पाणी आलं तसं जाऊ देतात. फरक इतकाच की तिथला पाऊस उबदार असतो, आणि पाठीवर कनू नसते.

दुकानात बघताना आधी आत हात घाला. पापुद्र्याचं अस्तर नको, घोट्याभोवती जाड फोम नको. घोटा झाकला जाईल इतकी उंची हवी, कारण कनू डोक्यावर असली की समोरचं फक्त तीन-चार मीटर दिसतं आणि पाय वाकडा पडतोच. सोल पुरेसा कडक हवा: दोन हातांनी बूट पिळून बघा, टॉवेलसारखा पिळला गेला तर टोकदार दगड तळव्याला जाणवणार. बोटांपुढे रबराची टोपी हवी. सँडल घालून येणाऱ्यांची बोटं पहिल्याच पोर्टेजला मुळांना ठेचतात. शिवाय चिखलात गाडलेली काटकी बाजूने आत शिरते. सँडल तंबूजवळ ठीक.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याने वापरलेल्या जंगल बुटांत तळव्याच्या कमानीजवळ जाळी लावलेली दोन छोटी छिद्रं असायची. त्याच धाटणीचे बूट आजही जुन्या लष्करी सामानाच्या दुकानांत मिळतात आणि या कामाला उत्तम आहेत. नवे असतील तर आधी महिनाभर घालून मऊ करून घ्या.

विकत घ्यायच्या आधी किंवा परत करायची मुदत संपायच्या आधी वजनाची चाचणी करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक बूट कोरडा तोला. मग दहा मिनिटं बादलीत बुडवा, बाहेर काढून दोन मिनिटं निथळू द्या आणि पुन्हा तोला. एका बुटामागे २५० ग्रॅमच्या वर वाढ झाली तर तो बूट पाणी पितो. सहा किलोमीटर म्हणजे साधारण ८,००० पावलं, आणि प्रत्येक पावलाला पाव किलो जादा उचलायचं. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. (परत करायचा विचार असेल तर ही चाचणी दुकानाचे नियम वाचून करा, ओला बूट कुणी परत घेत नाही.)

घरात पापुद्रा नसलेला जुना चामडी किंवा सिंथेटिक बूट असेल तर त्याला छिद्रं पाडून घेता येतात. इनसोल काढा. आतल्या तळापासून ५ मिलिमीटर वर, पायाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या जागी, दोन खुणा करा. दोघींत तीन सेंटिमीटर अंतर. खूण सोलच्या शिलाईवर किंवा सोलला चिकटलेल्या रबरी पट्टीवर येऊ देऊ नका, टाके सुटतात. बूट जिथे वाकतो तिथेही नको, महिन्याभरात भोकाची चीर होते. आत लाकडाचा ठोकळा धरून बाहेरून ६ मिलिमीटरचं छिद्र पाडा, चामड्याला पंच, सिंथेटिकला ड्रिल. तापवलेल्या खिळ्याने सिंथेटिक छान वितळतं आणि कडा उसवत नाही, पण हे काम मोकळ्या हवेत करा, धूर वाईट असतो. मग पितळी आयलेट (छिद्राच्या कडेला बसणारी कडी) ठोका आणि आतून बारीक नायलॉनच्या जाळीचा तुकडा चिकटवा. जाळीचा कंटाळा केला तर प्रत्येक उतरणीला छिद्रातून खडी आत येते. शेवटी बुटात अर्धा लिटर पाणी ओता, साधारण अर्ध्या मिनिटात निघून गेलं पाहिजे. छिद्रं फार वर पडली असतील तर तळाशी चमचा-दोन चमचे पाणी उरतं आणि दिवसभर पचपचतं.

इनसोलकडे कुणी बघत नाही आणि निम्मं पाणी तिथेच असतं. बुटासोबत येणारा मऊ फोमचा इनसोल हा स्पंज आहे. तो फेकून ईव्हीए नावाच्या, पाणी न पिणाऱ्या फोमचा घाला. सोलच्या आत आणखी एक फोमचा थर चिकटवलेला असेल तर तोही उचकटून काढा.

कोरड्या पायाचा बूट: गमबूट आणि त्याची दुखणी

साध्या गमबुटाची उंची ३५ ते ४० सेंटिमीटर असते, म्हणजे नडगीभर पाण्यासाठी पुरेशी. दुखणं मापाचं आहे. घोट्याला सैल असल्याने टाच आत वर-खाली होते, आणि दर पावलाला टाच एक सेंटिमीटरहून जास्त उचलली जात असेल तर दोन किलोमीटरमध्ये फोड नक्की. दुकानात जाताना सहलीचेच मोजे घालून जा: आत पातळ सिंथेटिक, वर जाड लोकरी. जाड इनसोल टाकून बघा, टाच बसते का ते पाहा. घोट्याजवळ पट्टा असलेले किंवा निओप्रीनच्या नळीचे बूट यात बरेच बरे. नाडी बांधायचे उंच रबरी बूट मिळाले तर सोडू नका.

खाली रबर आणि वर चामडं असलेले बूट, १९१२ पासून अमेरिकेच्या मेन राज्यात शिकाऱ्यांसाठी बनतात ते, इथेही पुष्कळ जण घालतात. त्यांत पाण्याची खरी सीमा म्हणजे रबर आणि चामड्यामधली शिलाई. ती शिलाई बुडेल इतक्या पाण्यात थोडा वेळ काढला की ओल आत येते. दलदलीला छान, उतरायला तोकडे.

चिखल बूट ओढून घेतो ही नेहमीची तक्रार. पाय सरळ वर ओढला की बुटाखाली निर्वात पोकळी होते आणि मोजा घातलेला पाय तेवढा बाहेर येतो. आधी टाच उचला, बूट किंचित फिरवून हवा आत जाऊ द्या, मग बोटं वर वळवून काढा. ओझं असेल तर काठीशिवाय दलदलीत शिरू नका.

गमबुटात पाणी भरलं की माणूस तळाला जातो, असं सांगतात. ते खरं नाही. बुटातलं पाणी तळ्यातल्या पाण्यात खाली ओढत नाही. खरी अडचण वेगळी: पाय मारता येत नाहीत, आणि कनूत किंवा काठावर चढताना बुटातलं सगळं पाणी उचलावं लागतं. लाइफ जॅकेट अंगात असलं, बांधलेलं असलं, की हे निभावतं. त्याहून दुर्लक्षित धोका बसण्याच्या फळीचा. गुडघ्यांवर बसून वल्हवताना पाय फळीखाली जातात, आणि जाड सोलचा अवजड बूट तिथे अडकतो. कनू उलटली तर तो सुटला पाहिजे. निघायच्या आधी काठावरच बसून पाय आत-बाहेर करून बघा. लेसांचे लोंबते फासही बुटात खोचा.

वॉटरप्रूफ मोजे हा तिसरा पर्याय म्हणून विकला जातो. निथळणाऱ्या बुटात घातले तर गार पाण्यात पहिले दोन-तीन दिवस ते सुखाचे असतात. मग वाळूचा एखादा कण किंवा वाढलेलं नख त्यांना टोचतं. नखं कापा, बुटातली वाळू झटका, आणि रोज संध्याकाळी मोज्याचं तोंड पिळून आतली हवा दाबा. पाण्याखाली धरल्यावर बुडबुडे आले तर भोक आहे. वरून पाणी गेलं तर तोही पिशवीच आहे, हे विसरू नका.

फोड आणि चिखल्या

ओली त्वचा मऊ होते, घर्षण वाढतं, त्यात वाळू. त्यामुळे ओल्या पायाच्या पद्धतीत फोड टाळायचं काम वल्हवायला बसण्याआधीच सुरू होतं. सकाळी, पाय पूर्ण कोरडे असताना, टाचेला आणि करंगळीच्या कडेला झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी लावा. पट्टीची टोकं कात्रीने गोल करा, चौकोनी टोक मोज्याला अडकून उचकटतं. ओल्या पायावर पट्टी चिकटत नाही, म्हणून नंतर लावू म्हणणं फुकट.

पोर्टेजच्या सुरुवातीला, कनू उचलायच्या आधी, बूट काढून वाळू झटका, मोजे पिळा आणि नाडी पुन्हा बांधा. वल्हवताना नाडी सैल असते, चालताना ती घोट्याशी घट्ट हवी: पंज्यावर मोकळी, सगळ्यांत वरच्या दोन आयलेटमधून फास करून टाच मागे बसेल अशी. हे केलं नाही तर उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. चटका लागल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा. ‘पोर्टेज संपल्यावर बघू’ म्हणेपर्यंत फोड झालेला असतो.

मोजे लोकरीचे, मेरिनो असेल तर उत्तम. सुती मोजा ओला झाला की गोळा होतो आणि वाळतही नाही.

चिखल्यांवर दिवसा उपाय नाही, रात्री आहे. एक कोरड्या लोकरी मोज्यांचा जोड ड्राय बॅगेत वेगळा ठेवा आणि तो कोणत्याही कारणाने बुटात घालू नका. तो फक्त तंबूतला. मुक्कामाला पोचलं की आधी पाय धुवा, बेचक्या कापडाने टिपा, अर्धा तास उघडे ठेवा, बुरशीनाशक पावडर टाका, मग ते मोजे. रात्रीचे सात-आठ तास पाय कोरडे मिळाले तर दिवसभराचं ओलं सोसतं. सकाळी निघताना टाचांना आणि बेचक्यांना व्हॅसलिनचा पातळ हात द्या, पट्टीच्या जागा सोडून.

गार पाण्यात तासन्‌तास राहिलेला पाय बधिर, पांढुरका आणि सुजलेला दिसू लागला तर त्याला साधी थंडी समजू नका. चोळायचं नाही, शेकोटीला धरायचं नाही, गरम पाण्यात बुडवायचा नाही. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. पाय कोरडा करा, झोपण्याच्या पिशवीत हळूहळू ऊब येऊ द्या, जरा उंचावर ठेवा. बधिरपणा ओसरला नाही, किंवा ऊब आल्यावर जळजळ होऊन पाण्याचे फोड उठले, तर सहल तिथेच संपवून डॉक्टर गाठा.

घसरणं

ओला ग्रॅनाइटही बऱ्यापैकी पकड देतो, त्यावर शेवाळ नसेल तोवर. घात होतो तो शेवाळावर, साल गेलेल्या मुळांवर आणि दलदलीवर टाकलेल्या ओंडक्यांवर. खोल नक्षी फक्त चिखलात उपयोगी, दगडावर रबराचा मऊपणा लागतो. सोलमध्ये अंगठ्याचं नख रुतवा: ठसा उमटून परत भरून आला तर रबर बरं, नख सरकलं तर ते गारठ्यात आणखी कडक होणार. कारखान्यात घालायचे तेलरोधक सोलचे बूट यात हमखास नापास होतात, त्यातून पोलादी टोपीचे असतील तर बोटंही गोठवतात. मऊ सोल लवकर झिजतो, तो खर्च मान्य करा. मुळावर पाय आडवा टाकू नका, ओलांडून जा.

सोल सुटला

कपाटात पाच-सात वर्षं पडून असलेले, ‘अजून नवेच आहेत’ असे बूट तिसऱ्या दिवशी तोंड उघडतात. कारण त्यांच्या मधल्या थरातलं पॉलियुरेथेन. हवेतल्या ओलाव्याने ते आतून विरत जातं, बूट वापरला नाही तरी. निघायच्या पंधरा दिवस आधी मधल्या थरात अंगठा जोरात दाबा आणि बूट दुप्पट वाकवा. भुगा निघाला, बारीक तडे दिसले, तर चिकटवून उपयोग नाही. फक्त कडा सुटली असेल आणि मधला थर घट्ट असेल तर दोन्ही पृष्ठभाग धुवा, वाळवा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, मोची वापरतात ते सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा, १५-२० मिनिटं थांबा, दाबून जोडा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

जंगलात सुटला तर गोंद विसरा, ओल्यावर धरत नाही. तीन-चार नायलॉनचे केबल टाय सोलच्या खाचांतून, पुढे आणि कमानीजवळ आवळा, गाठ वरच्या अंगाला. तेही नसतील तर दोन मीटर पातळ दोरी. रोज दोनदा आवळावं लागेल, पण घरी पोचवतं.

वाळवणं

मुक्कामाला आल्यावर इनसोल बाहेर, नाड्या पूर्ण सैल, जीभ ओढून पुढे, आणि बूट ताडपत्रीखाली काठ्यांवर उलटे. शेकोटीजवळ ठेवायची जागा हाताने ठरवा: तळहात दहा सेकंद सहज टिकत नसेल तर बूट तिथे नको. सोलचा गोंद मऊ होतो, चामडं आखडतं. रात्री गोठण्याची शक्यता असेल तर बूट पिशवीत घालून तंबूच्या आत ठेवा, सकाळी लाकडासारखी झालेली नाडी सुटत नाही. एका रात्रीत बूट वाळणार नाहीत हे धरूनच चला, आणि सकाळी ओल्या बुटात कालचेच मोजे पिळून घाला. पहिली दोन मिनिटं वाईट जातात. कोरडे मोजे घालून ते वाईट वाटणं टाळलंत तर रात्री झोपायला कोरडं काही उरत नाही.

परतल्यावर बूट लगेच कपाटात टाकू नका. ऑन्टारियोच्या काही तळ्यांत स्पायनी वॉटरफ्लीसारखे बाहेरून आलेले जीव पसरले आहेत आणि ते चिखलातून, ओल्या धाग्यांतून पुढच्या तळ्यात जातात. सोलच्या खाचांतला चिखल ब्रशने काढा, छिद्रांच्या जाळ्या उलट्या बाजूने धुवा, आणि दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी बूट किमान पाच दिवस पूर्ण कोरडे होऊ द्या. मच्छीमार वापरतात ते फेल्टच्या (नमद्याच्या) तळाचे बूट नेमके याच कारणाने टाळावेत. फेल्ट दिवसेंदिवस ओलं राहतं, आणि पोर्टेजच्या चिखलात तसंही साबणासारखं सरकतं.